यूव्हीचा दिवा लागतो, पण पाणी त्याला काम करू देतं का?

घरात पाणी शुद्ध करायचं यूव्हीचं यंत्र आहे, दिवा रोज लागतो, वर्षभर कसली तक्रार नाही, आणि मग कधीतरी सहज म्हणून पाणी लॅबला तपासायला दिलं तर रिपोर्टवर 'कोलिफॉर्म आढळले' असं येतं. कोलिफॉर्म म्हणजे बॅक्टेरियांचा एक गट, पाण्यात कुठूनतरी घाण शिरतेय याची खूण म्हणून लॅबवाले तो तपासतात. रिपोर्ट बघून माणूस हबकतो. यंत्र बिघडलंय का, आपल्याला फसवलंय का, की यूव्ही हा प्रकारच बिनकामाचा आहे? बऱ्याचदा यातलं काहीच झालेलं नसतं. दिवा ठीक असतो, यंत्र ठीक असतं, पण त्या दिव्यासमोरून जाणारं पाणी दिव्याला काम करू देण्यासारखं नसतं, आणि यंत्र विकत घेताना ही गोष्ट आपल्याला कोणी सांगितलेलीच नसते. आपण दिवा किती वॉटचा, यंत्र किती लिटरचं हे सगळं विचारतो, पण माझं पाणी या दिव्याला चालेल का हे विचारायचं राहून जातं. म्हणून जरा मुळापासून बघूया.

दिवा नेमकं काय करतो

यूव्ही म्हणजे अल्ट्राव्हायोलेट, जांभळ्या रंगाच्या पलीकडचा आपल्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. त्यातही तीन भाग पडतात आणि पाण्यासाठी उपयोगी असतो तो यूव्ही-सी, २०० ते २८० नॅनोमीटरचा (नॅनोमीटर हे प्रकाशाच्या लहरीची लांबी मोजायचं माप). सूर्यातूनही यूव्ही-सी निघतो पण तो वातावरणातच शोषला जातो, जमिनीपर्यंत पोचत नाही, म्हणून इथल्या जंतूंनी तो कधी सोसलेलाच नाही. घरगुती यंत्रातला साधा पाऱ्याचा दिवा मुख्यतः २५४ नॅनोमीटरचा प्रकाश देतो आणि जंतूंचा डीएनए सगळ्यात जास्त प्रकाश शोषतो तो साधारण २६० च्या आसपास, म्हणजे जोडी छान जमते.

आता डीएनएवर काय होतं ते बघा. डीएनए म्हणजे बॅगेच्या चेनसारखा समजा, दोन बाजू, मधे दात. जंतूला वाढायचं असेल तर एकाचे दोन व्हावं लागतं आणि त्यासाठी ही चेन उघडून तिची नक्कल काढावी लागते. यूव्हीचा प्रकाश पडला की एकाच बाजूचे शेजारचे दोन दात एकमेकांना चिकटतात. चेन ओढायला गेलं की तिथे अडकते. जंतू त्याच क्षणी मरतो असं नाही, तो काही काळ जिवंतही असतो, पण त्याची पुढची पिढी होत नाही आणि जो जंतू पोटात जाऊन वाढूच शकत नाही तो आजारी पाडू शकत नाही.

हे 'जिवंत पण निकामी' प्रकरण शास्त्रज्ञांनाही बराच काळ चकवत होतं. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी आहे, जुलाबाचा भयंकर त्रास देणारा, त्याच्यावर यूव्हीचा काही उपयोग होत नाही असंच आधी मानलं जायचं, कारण प्रयोगात रंग घालून तो जिवंत आहे की मेला एवढंच बघत होते आणि तो जिवंत दिसायचा. १९९० च्या दशकाच्या शेवटी जेव्हा तो संसर्ग करू शकतो का हे तपासलं तेव्हा कळलं की अगदी थोड्या यूव्हीतही तो निकामी झालेला असतो. आज अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २००६ च्या नियमात ९९.९ टक्के क्रिप्टोस्पोरिडियम निकामी करायला फक्त १२ मिलिज्यूल धरलेत. मिलिज्यूल म्हणजे काय ते आता येतंच.

डोस: किती जोरात आणि किती वेळ

पावसात आपण किती भिजणार हे दोन गोष्टींवर ठरतं, पाऊस किती जोरात आहे आणि आपण किती वेळ त्यात उभे आहोत. यूव्हीचंही तसंच. प्रकाशाचा जोर गुणिले वेळ म्हणजे डोस, आणि तो मिलिज्यूल प्रति चौरस सेंटीमीटर असा मोजतात (इथून पुढे मी नुसतं मिलिज्यूल म्हणेन). जोर १० मिलिवॉट असेल आणि पाणी दिव्यासमोर ४ सेकंद असेल तर डोस झाला ४० मिलिज्यूल. नळ दुप्पट सोडला तर पाणी २ सेकंदच थांबतं, डोस २० वर येतो.

हा ४० चा आकडा लक्षात ठेवा, जंतू असण्याची शक्यता असलेलं पाणी पिण्याजोगं करायचं तर बऱ्याच ठिकाणी हाच डोस मागितला जातो. एनएसएफ या अमेरिकेतल्या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या ५५ नंबरच्या स्टँडर्डमधे 'ए' क्लासच्या यंत्राला ४० लागतो, आणि 'बी' क्लासच्या, म्हणजे आधीच सुरक्षित असलेल्या पाण्यावर जास्तीची काळजी म्हणून लावायच्या यंत्राला १६ पुरतो. आपलं यंत्र यातलं कुठलं आहे हे बघून घ्या, कारण बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. सगळे जंतू मात्र सारखे नाहीत. अॅडिनोव्हायरस नावाचा विषाणू भलताच चिवट, ९९.९९ टक्के निकामी करायला अमेरिकेच्या त्याच नियमात १८६ मिलिज्यूल धरलेत, कारण तो आपल्या पेशीत शिरून आपल्याच पेशीच्या दुरुस्तीच्या यंत्रणेकडून स्वतःचा मोडका डीएनए दुरुस्त करून घेऊ शकतो.

आता मुख्य गोष्ट अशी की यंत्रावर लिहिलेला ४० चा डोस हा ठराविक दर्जाचं पाणी, ठराविक वेग आणि ठराविक वयाचा दिवा धरून लिहिलेला असतो. पाणी तसं नसेल तर तो आकडा कागदावरच राहतो.

डोळ्यांना स्वच्छ, यूव्हीला अंधार

इथेच बहुतेकांची फसगत होते, म्हणून जरा थांबून सांगतो. पाण्यातून दिसणारा प्रकाश आरपार जातो म्हणजे यूव्हीही जाईलच असं नसतं. खिडकीची साधी काच बघा, आपल्याला ती पूर्ण पारदर्शक वाटते पण २५४ नॅनोमीटरचा प्रकाश तिच्यातून जवळजवळ जातच नाही, त्या प्रकाशासाठी ती काच म्हणजे भिंत आहे. म्हणून तर यंत्रात दिव्याभोवती काचेची नाही, क्वार्ट्झची नळी असते. काचेचं जे आहे तेच पाण्यात विरघळलेल्या काही पदार्थांचं.

हे मोजायला एक माप आहे, यूव्हीटी, म्हणजे १ सेंटीमीटर पाण्यातून २५४ नॅनोमीटरचा किती टक्के प्रकाश पलीकडे पोचतो. घरगुती यंत्रं बनवणारे सहसा निदान ७५ टक्के तरी हवं असं सांगतात. ऐकायला ७५ टक्के म्हणजे बरंच वाटतं, परीक्षेत मिळाले तर आपण खूश होऊ, पण पाण्यात तो हिशोब दर सेंटीमीटरला पुन्हा लागतो. ९५ टक्केवाल्या पाण्यात ३ सेंटीमीटरवर ८६ टक्के प्रकाश शिल्लक असतो. ७५ टक्केवाल्या पाण्यात दुसऱ्या सेंटीमीटरला ५६, तिसऱ्याला ४२ आणि पाचव्याला २४ टक्के. म्हणजे दिव्याला चिकटून जाणाऱ्या पाण्याला भरपूर प्रकाश आणि यंत्राच्या बाहेरच्या भिंतीजवळून जाणाऱ्या पाण्याला त्याचा चौथा हिस्सा, आणि दोन्ही पाणी शेवटी एकाच पेल्यात येतं.

प्रकाश खातं कोण? सगळ्यात मोठा गिऱ्हाईक म्हणजे कुजलेल्या पानापाचोळ्यातून आणि मातीतून विरघळून आलेले सेंद्रिय पदार्थ, टॅनिन, ह्युमिक आम्ल वगैरे. हे २५४ ला इतके व्यवस्थित प्रकाश शोषतात की जलशुद्धीकरण केंद्रात पाण्यात सेंद्रिय पदार्थ किती आहेत याचा अंदाज घ्यायला याच प्रकाशाची चाचणी वापरतात. टॅनिन जास्त असेल तर पाण्याला फिकट चहासारखा रंग येतो, पण रंग दिसायच्या आधीच यूव्ही अडायला लागलेला असतो. दुसरं गिऱ्हाईक लोह. बोअरचं ताजं पाणी काढलं की लख्ख दिसतं, कारण जमिनीखाली हवा नसते आणि लोह विरघळलेल्या रूपात असतं. तेच पाणी पांढऱ्या भांड्यात काही तास उघडं ठेवा, हवेतला ऑक्सिजन लागला की पिवळसर झाक येते आणि मग तळाला विटकरी रंगाचा गाळ बसतो. यंत्रात जाताना ते पाणी निर्मळ होतं याला आपण सगळे साक्षीदार असतो, आणि तरी लोह तेव्हाही त्यात होतंच.

यूव्हीटी घरी मोजता येत नाही. लॅबमधे १ सेंटीमीटर जाडीच्या क्वार्ट्झच्या चौकोनी पात्रात पाणी भरून यंत्राने मोजतात, पाच मिनिटांचं काम आहे, पण मागितल्याशिवाय कोणी करून देत नाही. नेहमीच्या पाणी-रिपोर्टात पीएच असतो, टीडीएस असतो, हा आकडा नसतो. तो आवर्जून मागा.

कणांची सावली

विरघळलेल्या गोष्टी झाल्या, आता न विरघळलेल्या. माती, गंज, शेवाळाचे तुकडे, कुजलेले कण. यांच्यामुळे येतो तो गढूळपणा आणि त्याचं माप एनटीयू, पाण्यात प्रकाश टाकला की कणांवर आदळून तो किती विखुरतो त्यावरून काढलेला आकडा. यूव्हीच्या आधी पाणी १ एनटीयूच्या खाली हवं असं धरतात.

गंमत नाही, चिंतेची बाब अशी की जागतिक आरोग्य संघटनेच्या मते गढूळपणा साध्या डोळ्यांना जाणवायला लागतो तो साधारण ४ एनटीयूच्या पुढे. म्हणजे १ ते ४ या पट्ट्यात आपले डोळे सांगतात पाणी स्वच्छ आहे आणि यूव्हीच्या हिशोबाने ते नसतं. या पट्ट्यातलं पाणी पेल्यात धरून कितीही निरखलं तरी कळणार नाही.

कण दोन प्रकारे घात करतात. प्रकाश विखुरतात आणि अडवतात हे एक, पण त्याहून वाईट म्हणजे ते जंतूंना आडोसा देतात. प्रकाश सरळ रेषेत जातो, तो कोपरा वळून मागे बघत नाही. एका बॅक्टेरियाची लांबी साधारण १ ते २ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), २० मायक्रॉनचा मातीचा कण त्याच्यापुढे घराएवढा, त्याच्या भेगेत बसलेल्या बॅक्टेरियाला बाहेर दिवा लागलाय याची खबरही लागत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. म्हणून यूव्हीच्या आधी ५ मायक्रॉनचा फिल्टर लावतात. यावर हमखास प्रश्न येतो की बॅक्टेरिया १ मायक्रॉनचा असेल तर ५ चा फिल्टर त्याला अडवणार कसा? नाहीच अडवत, ते त्याचं कामच नाही. तो बॅक्टेरियांची लपायची जागा अडवतो, सुटा बॅक्टेरिया पुढे जातो आणि तिथे त्याला दिवा गाठतो.

नळीवर चढणारा थर

हे मी स्वतः बघितलंय म्हणून जरा सविस्तर. आमच्या यंत्राचं पाणी दीड वर्षाने तपासलं आणि रिपोर्ट खराब आला तेव्हा मेकॅनिकसोबत बसून मी यंत्र उघडायला लावलं. वीज बंद केली, पाणी बंद केलं, दिवा बाहेर काढला, तो चकचकीत. मग क्वार्ट्झची नळी ओढून काढली आणि बघतो तर तिच्यावर बदामी-तपकिरी साय चढलेली. नखाने खरवडलं तर खरखरीत लागलं, बारीक पॉलिश पेपरसारखं. खिडकीकडे धरली तर पलीकडची चौकट दिसत होती पण अंधुक, आणि साधा प्रकाशच अंधुक दिसत असेल तर यूव्हीचं काय होत असेल. दीड वर्ष दिवा त्या सायीच्या आतून जळत होता. यंत्र बसवताना पाण्याचा जडपणा (म्हणजे त्यात विरघळलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम) आणि लोह कोणी तपासलंच नव्हतं, आणि विचारायचं असतं हे मलाही माहीत नव्हतं, याचं आजही वाईट वाटतं कारण घरात लहान मूल होतं.

सायट्रिक अॅसिडच्या कोमट पाण्यात नळी बुडवली तेव्हा लगेच बारीक बारीक बुडबुडे सुटायला लागले. ते बुडबुडे म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट आम्लात विरघळताना निघणारा कार्बन डायऑक्साइड. पांढरं भराभर गेलं, लोहाचा तपकिरी डाग मात्र निघायला बराच वेळ लागला, दोनदा ताजं द्रावण करावं लागलं.

हा थर येतो कुठून? साखर किंवा मीठ गरम पाण्यात जास्त विरघळतं, कॅल्शियम कार्बोनेटचं बरोबर उलटं आहे, पाणी तापलं की ते विरघळलेलं राहू शकत नाही, बाहेर पडतं आणि जी जागा सगळ्यात गरम तिथेच चिकटतं. पाणी उकळायच्या भांड्याच्या तळाला पांढरी खपली धरते ती याचमुळे. यूव्हीच्या यंत्रात सगळ्यात गरम जागा कुठली तर दिव्याला लागून असलेली नळी, म्हणजे नेमकी जी जागा पारदर्शक राहायला हवी तीच. रात्रभर नळ बंद आणि दिवा चालू असेल तर आतलं थांबलेलं पाणी तापत राहतं आणि थर आणखी जोरात बसतो. लोह आणि मॅंगनीज त्यात रंग आणि चिकटपणाची भर घालतात. मॅंगनीजचा थर काळपट असतो.

आकडे एकदा सांगून टाकतो

यंत्र बनवणारे साधारण जे मागतात ते असं: लोह ०.३ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली, मॅंगनीज ०.०५ च्या खाली, जडपणा १२० च्या खाली, हायड्रोजन सल्फाइड म्हणजे सडक्या अंड्याचा वास येतो तो वायू ०.०५ च्या खाली, टॅनिन ०.१ च्या खाली, गढूळपणा १ एनटीयूच्या आत आणि यूव्हीटी ७५ टक्क्यांच्या वर. प्रत्येक यंत्राच्या पुस्तिकेत थोडा फरक असतो, तुमच्या यंत्राचं जे लिहिलंय तेच धरा. पुस्तिकेत हे आकडे नसतीलच तर विकणाऱ्याकडे लेखी मागा, हा तुमचा हक्क आहे.

पाणी यात बसत नसेल तर यूव्ही सोडून द्यायचा असं नाही, त्याच्या आधी पाणी तयार करायचं. गाळासाठी सेडिमेंट फिल्टर, लोह असेल तर लोह काढणारा फिल्टर, जड पाण्याला सॉफ्टनर (त्यातले रेझिनचे मणी कॅल्शियम पकडून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात), वास आणि सेंद्रिय पदार्थांसाठी कार्बन. आणि यूव्ही सगळ्यांच्या शेवटी. कार्बन यूव्हीच्या नंतर लावलेला मी पाहिलाय आणि ते मला अजिबात पटत नाही, कारण कार्बनच्या छिद्रांमधे बॅक्टेरिया आरामात वाढतात, मग दिव्याने केलेलं काम पुढच्याच डब्यात वाया.

"मग सरळ जास्त मोठा दिवा लावला तर?"

हे थोडंसं खरं आहे. पाण्याचं यूव्हीटी कमी असेल पण कायम तेवढंच असेल तर मोठं यंत्र घेऊन किंवा पाण्याचा वेग कमी करून डोस भरून काढता येतो, मोठ्या केंद्रांमधे तसं करतातही. पण कणाच्या भेगेत बसलेल्या जंतूला कितीही मोठा दिवा गाठू शकत नाही, सावली ती सावलीच. आणि थराच्या बाबतीत तर मोठा दिवा उलट जास्त गरम होऊन थर वाढवू शकतो. शिवाय पाणी एकसारखं नसतं, मोठा पाऊस पडून गेला की गढूळपणा आणि सेंद्रिय पदार्थ दोन्ही चढतात, म्हणून कोरड्या दिवसात केलेला रिपोर्ट दाखवून निवडलेलं यंत्र पावसात कमी पडतं.

"पण दिवा निळा दिसतोय की!"

निळा दिसतोय म्हणजे वीज येतेय, बस इतकंच. जो प्रकाश काम करतो तो दिसतच नाही, निळसर झाक ही त्याच्याबरोबर निघणारा थोडासा दिसणारा प्रकाश. दिवा म्हातारा होत जातो तसा यूव्ही घटत जातो आणि निळा तसाच राहतो, म्हणून साधारण ९,००० तासांनी म्हणजे सतत चालू असेल तर वर्षाने दिवा बदलायला सांगतात, बंद पडायची वाट न बघता. ज्या यंत्रात यूव्ही सेन्सर असतो तो यंत्राच्या आतल्या भिंतीपर्यंत खरोखर किती प्रकाश पोचतोय ते मोजतो, म्हणजे दिव्याचं वय, नळीवरचा थर आणि पाण्याचा दर्जा तिन्हीची खबर एकाच आकड्यात मिळते. माझ्या मते बाकी सगळ्या सोयींपेक्षा या एका सेन्सरवर पैसे घालावेत. आणि हो, उघडा दिवा चालू करून त्याच्याकडे बघू नका, डोळ्यांना आणि कातडीला इजा होते.

"क्लोरीन आहेच, मग यूव्ही कशाला?" आणि त्याचं उलटंही

१९९३ मधे अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून क्रिप्टोस्पोरिडियम पसरला आणि सुमारे ४ लाख ३ हजार लोक आजारी पडले असा अंदाज आहे. पाणी क्लोरीन घातलेलं होतं. या परजीवीचं कवच इतकं टणक असतं की नेहमीच्या प्रमाणातलं क्लोरीन त्याला काही करत नाही. पुढे यूव्ही त्याला सहज निकामी करतो हे कळल्यावर मोठी शहरं यूव्हीकडे वळली, न्यूयॉर्कने २०१३ मधे आपल्या मुख्य पाणीपुरवठ्यासाठी प्रचंड मोठं यूव्ही केंद्र सुरू केलं.

उलट बाजूने यूव्हीचा एक मोठा तोटा आहे, तो मागे काही ठेवत नाही. क्लोरीन पाण्याबरोबर पाइपातून टाकीपर्यंत जातं आणि राखण करतं, यूव्हीचं काम दिव्यासमोरच्या त्या काही सेकंदांपुरतं. पुढे पाइपात, टाकीत, नळाच्या तोंडाशी काही शिरलं तर त्याला अडवणारं कोणी नाही. त्यातून डोस अपुरा पडला असेल तर काही बॅक्टेरिया डीएनएचे चिकटलेले दात सोडवूनही घेतात, त्यांच्याकडे त्यासाठी एक एन्झाइम असतं जे दिसणाऱ्या प्रकाशावर चालतं. म्हणून यूव्हीचं पाणी पारदर्शक बाटलीत भरून उजेडात दिवसभर ठेवू नये, झाकून ठेवावं आणि लवकर वापरावं.

आणि यूव्ही पाण्यातून काहीच काढत नाही. आर्सेनिक, फ्लोराइड, नायट्रेट, क्षार जेवढे आत गेले तेवढेच बाहेर येतात. पाण्यात काही घालतही नाही, म्हणून चव बदलत नाही, आणि पाणी 'किरणोत्सारी' होतं वगैरे जे फिरतं त्यात काही तथ्य नाही, तो नुसता प्रकाश आहे.

"बाटली उन्हात ठेवली तर होतं म्हणतात ते?"

होतं, ती वेगळी पण खरी पद्धत आहे, सोडिस म्हणतात तिला. पारदर्शक पेट बाटलीत पाणी भरून कडक उन्हात ६ तास, ढगाळ असेल तर सलग दोन दिवस. तिथे काम करतो यूव्ही-ए आणि ऊब. आणि तिथेही पहिली अट पाण्याचीच आहे, गढूळपणा ३० एनटीयूच्या आत हवा. त्याची चाचणी फार साधी: भरलेली बाटली वर्तमानपत्राच्या मथळ्यावर उभी ठेवायची आणि तोंडातून खाली बघायचं, मथळा वाचता आला तर ठीक, नाही तर आधी गाळून घ्यायचं.

तर मग तो रिपोर्ट

कोलिफॉर्म आले म्हणून लगेच यंत्र बदलायला धावू नका, मात्र कारण सापडेपर्यंत पाणी उकळूनच प्या. वीज बंद करून नळी काढून बघा, थर आहे का. दिवा शेवटचा कधी बदलला ते आठवा. प्रीफिल्टर चोक झालाय का बघा. मग पाणी दोन ठिकाणचं तपासायला द्या, एक यंत्रात शिरायच्या आधीचं, त्यात लोह, जडपणा, गढूळपणा आणि यूव्हीटी मागायचं, आणि दुसरं यंत्रातून बाहेर पडल्या पडल्या, टाकीत जायच्या आधीचं, त्यात जंतू. जंतूंसाठी बाटली लॅबनेच दिलेली निर्जंतुक घ्या, घरची धुतलेली नको, आणि नळाचं तोंड पुसून पाणी दोन-तीन मिनिटं वाहू देऊन मग भरा. यंत्राच्या तोंडाशी पाणी स्वच्छ आलं आणि नळाला खराब आलं तर दोष पुढच्या पाइपात किंवा टाकीत आहे. पाइपाच्या आतल्या बाजूला बॅक्टेरियांचा बुळबुळीत थर धरतो आणि तिथे दिवा पोचत नाही, तो भाग एकदा क्लोरीनच्या पाण्याने भरून काही तास ठेवून धुवावा लागतो. यंत्र नवीन बसवतानाही हे करायचं असतं आणि बरेचजण ते गाळतात. यंत्राच्या तोंडाशीही खराब आलं तर यंत्रात शिरायच्या आधीच्या पाण्याचा रिपोर्ट पुस्तिकेतल्या आकड्यांशेजारी ठेवून बघा, कुठला आकडा बाहेर गेलाय ते तिथेच दिसेल, आणि तो दुरुस्त केल्यावर हीच तपासणी एका मोठ्या पावसानंतर पुन्हा करून घ्या.